ऑक्सिजन-अग्राचा प्रश्न : हायड्रोजन-घटांतील उत्प्रेरक द्रव्ये

हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या संयोगाने पाणी बनते आणि पाण्यातून विद्युत् प्रवाह सोडला असता ते पुन्हा त्याच दोन वायूंत विभागले जाते, या दोन्ही गोष्टी शालेय पाठ्यपुस्तकांतही आढळतात. पहिल्या क्रियेपासून सरळ वीज मिळविण्याचे जे साधन त्यास इंधन-घट म्हणतात. दुसरी क्रिया ज्यात घडवून आणतात तो विच्छेदन-घट होय. तत्त्वतः ही दोन साधने एकच विक्रिया परस्परविरुद्ध दिशांनी चालवितात. इतक्या साध्या विक्रियेवर पावणेदोनशेहून अधिक वर्षे संशोधन चालू असूनही तिच्यासाठी स्वस्त, टिकाऊ व मुबलक असे उत्प्रेरक अद्याप सर्व प्रकारच्या घटांना लाभलेले नाहीत. याचे कारण काय, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो.

या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात असे देता येईल की, दोन्ही घटांत हायड्रोजनाची बाजू सुलभ व ऑक्सिजनाची बाजू दुर्घट आहे. घटाची कार्यक्षमता, त्यात वापरावयाचे धातू, त्या धातूंचे आधार, पटले व पत्रे, किंबहुना त्याची किंमतदेखील, या एका विषमतेने बव्हंशी ठरते. या विषमतेचे मूळ कोठे आहे व तिच्यावर मात करण्याचे मार्ग कोणते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. संज्ञांचा घोटाळा होण्याचा संभव असल्याने, दोन्ही ठिकाणी ‘हायड्रोजन-अग्र’ व ‘ऑक्सिजन-अग्र’ अशाच संज्ञा येथे योजिल्या आहेत.

ऊर्जेचा हिशोब

२५° से. तापमानास एक मोल द्रवरूप पाणी बनताना २३७ किलोज्यूल मुक्त ऊर्जा उपलब्ध होते. पाण्याच्या प्रत्येक रेणूमागे दोन इलेक्ट्रॉनांची देवघेव होत असल्यामुळे या ऊर्जेशी जुळणारा विद्युत् दाब १.२३ व्होल्ट येतो. विक्रियेत बाहेर पडणारी एकूण उष्णता मात्र २८६ किलोज्यूल असून तिच्याशी जुळणारा दाब १.४८ व्होल्ट आहे. आदर्श परिस्थितीत इंधन-घटाने १.२३ व्होल्ट द्यावेत आणि विच्छेदन-घटानेही तितकेच घ्यावेत, अशी ऊष्मागतिकीची अपेक्षा आहे.

प्रत्यक्ष स्थिती फार वेगळी आहे. पुरेशा भाराखाली चालणारा प्रोटॉन-पटलाचा इंधन-घट सुमारे ०.६५ व्होल्ट देतो, तर त्याच जातीच्या विच्छेदन-घटास सुमारे १.९ व्होल्ट द्यावे लागतात. फॅराडेच्या नियमाप्रमाणे एक किलोग्रॅम हायड्रोजनाचा हिशोब केल्यास दर व्होल्टमागे २६.६ किलोवॉट-तास, म्हणजे २६.६ युनिटे वीज येते. १.९ व्होल्टवर एक किलोग्रॅम हायड्रोजन तयार करण्यास ५० युनिटांहून थोडी अधिक वीज खर्च होईल. तोच हायड्रोजन ०.६५ व्होल्टच्या इंधन-घटात वापरल्यास सुमारे १७ युनिटे परत मिळतील. साठवण, दाब व वाहतूक यांचा खर्च बाजूस ठेवला तरी साठविलेल्या विजेचा जेमतेम तिसरा हिस्सा हाती येतो. विच्छेदनात वाचविलेला प्रत्येक दशांश व्होल्ट हा किलोग्रॅममागे २.६६ युनिटांची बचत करतो, हे लक्षात घेतले म्हणजे उत्प्रेरकांच्या अभ्यासास एवढे महत्त्व का, हे वेगळे सांगावयास नको.

आदर्श दाब व प्रत्यक्ष दाब यांतील जो फरक अग्रावरील विक्रियेच्या मंदपणामुळे पडतो, त्यास अधिवर्चस् म्हणतात. पटलाच्या रोधामुळे व वायूंच्या विसरणामुळे होणारे तोटे याखेरीज आहेत. परंतु चांगल्या बांधणीच्या घटात सर्वांत मोठा वाटा ऑक्सिजन-अग्राच्या अधिवर्चसाचाच असतो.

दोन अग्रांतील विषमता

हायड्रोजनाचा रेणू प्लॅटिनमाच्या पृष्ठभागावर येताच दोन अणूंत विभागला जातो. प्रत्येक अणू एक इलेक्ट्रॉन धातूस देतो व प्रोटॉनाच्या रूपाने विद्युत् विच्छेद्यात जातो. मधली अवस्था एकच, ती म्हणजे पृष्ठभागास चिकटलेला हायड्रोजन अणू. हा अणू प्लॅटिनमास फार घट्टही धरत नाही व फार सैलही सोडत नाही; म्हणून अम्लीय माध्यमात ही विक्रिया दोन्ही दिशांनी विलक्षण वेगाने चालते.

ऑक्सिजनाचे तसे नाही. त्याच्या एका रेणूचे पाणी होण्यास चार इलेक्ट्रॉन व चार प्रोटॉन लागतात आणि ते एकाच वेळी येत नाहीत. प्रथम हायड्रोपेरॉक्सिल, मग सुटा ऑक्सिजन अणू, मग हायड्रॉक्सिल अशा निदान तीन मध्यस्थांतून विक्रियेस जावे लागते. ती दोन इलेक्ट्रॉनांवरच अडखळली तर पाण्याऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड बनते. वीज निम्मी मिळते आणि पेरॉक्साइडापासून निर्माण होणारे मूलक पटलाचा नाश करतात. 

समतोल अवस्थेत अग्रावर दोन्ही दिशांनी जो समान प्रवाह चालू असतो, त्यास विनिमय-प्रवाह म्हणतात. अम्लातील प्लॅटिनमावर हायड्रोजनाचा विनिमय-प्रवाह ऑक्सिजनाच्या विनिमय-प्रवाहापेक्षा निदान दहा लक्ष पटींनी अधिक आहे. धातू तोच, माध्यम तेच. फरक केवळ वायूचा. यामुळेच इंधन-घटातील हायड्रोजन-अग्रावर अत्यल्प प्लॅटिनम पुरते व बहुतेक सर्व धातू ऑक्सिजन-अग्रावर खर्च करावा लागतो.

अधिवर्चस् व प्रवाह यांचा संबंध यूलियूस टाफेल यांनी १९०५ साली दाखविल्याप्रमाणे लघुगणकीय आहे. इंधन-घटातील प्लॅटिनमाच्या ऑक्सिजन-अग्रावर प्रवाह दसपट करण्यास सुमारे ७० मिलिव्होल्ट अधिक द्यावे लागतात. याचा अर्थ दुहेरी आहे. एखादा उत्प्रेरक दसपट क्रियाशील निघाला तरी घटाचा दाब ७० मिलिव्होल्टनीच सुधारतो. उलटपक्षी, उत्प्रेरकाची क्रियाशीलता तेवढीच राखून त्याचे वजन निम्मे केले, तर तोटा केवळ २० मिलिव्होल्टच्या आसपास होतो. संशोधनाचा मोठा भाग दाब वाढविण्यापेक्षा धातू वाचविण्याकडे का वळला, याचे एक कारण या लघुगणकीय नियमात आहे.

पृष्ठभागावरील बंधांची मर्यादा

पॉल साबात्ये यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तत्त्वानुसार उत्तम उत्प्रेरक विक्रियेतील मध्यस्थास बेताने धरून ठेवतो. बंध दुर्बळ असेल तर रेणू पृष्ठभागावर टिकत नाही; बंध प्रबळ असेल तर तो तेथून हलत नाही. बंधाचे सामर्थ्य एका अक्षावर व विक्रियेचा वेग दुसऱ्या अक्षावर मांडला असता मध्ये शिखर व दोन्ही बाजूंस उतार अशी आकृती येते. तिच्या आकारावरून तिला ज्वालामुखी-वक्र असे नाव पडले आहे. हायड्रोजन निर्मितीसाठी असा वक्र सेर्जो त्रासात्ती यांनी १९७२ साली मांडला, तर ऑक्सिजनाच्या क्षपणासाठी संगणित ऊर्जांवरून येन्स नॉर्स्कॉव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००४ साली काढला. दोन्हींत प्लॅटिनम शिखराच्या अगदी जवळ येते, पण ऑक्सिजनाच्या वक्राचे शिखरच मुळात ठेंगणे आहे.

हे शिखर ठेंगणे का, याचा उलगडा मध्यस्थांच्या परस्परसंबंधातून होतो. हायड्रोपेरॉक्सिल व हायड्रॉक्सिल हे दोन्ही पृष्ठभागास ऑक्सिजन अणूच्याच द्वारे चिकटतात. त्यामुळे एकाचा बंध दृढ केला की दुसऱ्याचाही तितकाच दृढ होतो. एकास सैल करून दुसऱ्यास घट्ट धरता येत नाही. आदर्श उत्प्रेरकावर या दोहोंच्या ऊर्जांत २.४६ इलेक्ट्रॉन-व्होल्टचे अंतर असावयास हवे, कारण त्यांच्यामध्ये १.२३ च्या दोन पायऱ्या आहेत. परंतु धातू व ऑक्साइडे मिळून पुष्कळशा पृष्ठभागांवर हे अंतर सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरते. ०.७४ चे हे आधिक्य दोन पायऱ्यांत सारखे वाटले तरी प्रत्येकीवर ०.३७ व्होल्टचा बोजा राहतो. हा बोजा ऑक्सिजनाच्या क्षपणात जसा पडतो तसाच त्याच्या निर्मितीतही पडतो.

सबब, एका धातूऐवजी दुसरा धातू घेऊन हा अडसर दूर होणे कठीण आहे. दोन मध्यस्थांना वेगवेगळी वागणूक देणारी रचना, उदाहरणार्थ एका मध्यस्थास शेजारून हायड्रोजन-बंधाचा आधार देणारी पोकळी, साधली तरच तो दूर होईल. सजीवांतील काही एंझाइमे अशाच युक्तीने कार्य करतात. घन पृष्ठभागावर ती टिकाऊ स्वरूपात उतरविणे हे या विषयातील अत्यंत मूलभूत आव्हान होय.

प्लॅटिनमाची काटकसर

विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ साली सौम्य सल्फ्युरिक अम्लात प्लॅटिनमाच्या पट्ट्या बुडवून व त्यांच्या वरील अंगास हायड्रोजन व ऑक्सिजन ठेवून विद्युत् प्रवाह मिळविला. १८४२ साली अशा अनेक घटांची माला करून त्याच विजेने त्यांनी पाण्याचे विच्छेदनही करून दाखविले. क्रिया घडते ती वायू, द्रव व धातू हे तिन्ही जेथे एकत्र येतात त्या सीमेवर, हे त्यांच्याच ध्यानात आले होते. उत्प्रेरक-थराच्या पुढील सर्व इतिहासाचे वर्णन ही त्रिविध सीमा अधिकाधिक विस्तृत करण्याचा प्रयत्न असे करता येईल.

१८८९ साली लुटव्हिख मॉन्ट व कार्ल लांगर यांनी विद्युत् विच्छेद्य सच्छिद्र पदार्थात शोषवून त्यावर प्लॅटिनमाची काळी भुकटी पसरविली. १९५५ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील टॉमस ग्रब यांनी द्रव अम्लाऐवजी आयन-विनिमय करणारे बहुवारिकाचे पटल योजिले व लेनर्ड निड्राख यांनी त्या पटलावर प्लॅटिनम बसविण्याची पद्धत काढली. १९६५ साली जेमिनी अंतराळयानात असे घट वापरले गेले. ड्यूपाँ कंपनीने तयार केलेल्या नॅफिऑन या फ्ल्युओरीनयुक्त पटलामुळे घटाचे आयुष्य पुष्कळ वाढले. तथापि १९८० च्या दशकाच्या आरंभीही दर चौ. सेंमी. ला ४ मिग्रॅ. प्लॅटिनम लागत असे.

पुढील सुधारणा धातूत नसून मांडणीत झाली. कार्बनाच्या सूक्ष्म काजळीवर बसविलेले प्लॅटिनमाचे कण पटलाच्याच बहुवारिकात मिसळून त्याचा पातळ लेप देण्याची रीत अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत विकसित झाली. तेथील मेलन विल्सन व शिमशोन गॉट्सफेल्ड यांचे या विषयावरील काम १९९२ साली प्रसिद्ध झाले. इलेक्ट्रॉन काजळीतून, प्रोटॉन बहुवारिकातून व वायू रंध्रांतून अशा तीन स्वतंत्र वाटा प्रत्येक कणापर्यंत पोहोचल्यामुळे प्लॅटिनमाचे प्रमाण दहा पटींहून अधिक कमी करता आले. कणांचा आकार तीन नॅनोमीटर धरल्यास एक ग्रॅम प्लॅटिनमाचा पृष्ठभाग सुमारे ९० चौ. मीटर भरतो, यावरून या काटकसरीची कल्पना येईल.

त्यानंतरचा टप्पा मिश्रधातूंचा. कोबाल्ट किंवा निकेल यांच्या संगतीत पृष्ठभागावरील प्लॅटिनमाचा ऑक्सिजनाशी असलेला बंध किंचित सैल होतो व अणू ज्वालामुखी-वक्राच्या शिखराकडे सरकतो. तीन भाग प्लॅटिनम व एक भाग निकेल यांच्या एकस्फटिकाचा विशिष्ट पृष्ठ शुद्ध प्लॅटिनमाच्या तशाच पृष्ठापेक्षा दसपट क्रियाशील असल्याचे २००७ साली व्होइस्लाव स्टामेंकोविच व सहकाऱ्यांनी दाखविले. २०१४ च्या डिसेंबरात बाजारात आलेल्या टोयोटा मिराई या मोटारीच्या घटांत प्लॅटिनम-कोबाल्ट मिश्रधातू वापरला गेला. एकस्फटिकावर दिसणारा लाभ कणांवर तितका राहत नाही आणि चालू घटात तो आणखी घटतो. कारण निकेल किंवा कोबाल्ट हळूहळू विरघळून पटलातील प्रोटॉनांच्या जागा अडवितो.

दर चौ. सेंमी. ला एकूण ०.४ मिग्रॅ. प्लॅटिनम व १ वॉट शक्ती धरली तर १०० किलोवॉटच्या वाहनास ४० ग्रॅम प्लॅटिनम लागेल. पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीच्या धूर-शुद्धीकरण यंत्रात या गटातील धातू काही ग्रॅमच असतात. तेव्हा प्लॅटिनमाचा प्रश्न कठीण आहे, पण आवाक्याबाहेरचा नाही. मुख्य चिंता टिकाऊपणाची आहे. दाब वरखाली होताना लहान कणांतील प्लॅटिनम विरघळून मोठ्या कणांवर बसते व पृष्ठभाग कमी होतो. घट सुरू वा बंद करताना ऑक्सिजन-अग्राचे वर्चस् क्षणभर १.५ व्होल्टच्या आसपास जाते आणि ज्या काजळीवर कण बसलेले असतात तीच जळून जाते. याशिवाय हायड्रोजनात कार्बन मोनॉक्साइडाचे दहा लक्षांत दहा भाग असले तरी ते प्लॅटिनमाचा पृष्ठभाग व्यापून त्यास निष्क्रिय करते. म्हणून इंधनाच्या शुद्धतेची अट फार कडक ठेवावी लागते.

इरिडियमाची अडचण

विच्छेदन-घटात ऑक्सिजन-अग्राचे वर्चस् सदैव दीड व्होल्टच्या वर असते आणि पटल प्रबळ अम्लासारखे वागते. अशा परिस्थितीत कार्बन जळतो, निकेल व लोह विरघळतात आणि प्लॅटिनमावर ऑक्साइडाचा थर येऊन ते मंदावते. रुथेनियमाचे ऑक्साइड या विक्रियेस सर्वांत चपळ, परंतु ते अधिक ऑक्सिडीकरण होऊन बाष्पनशील चतुरॉक्साइडाच्या रूपाने निघून जाते. क्रियाशीलता व स्थैर्य या दोहोंचा मेळ घालणारा एकच व्यवहार्य पदार्थ उरतो, तो म्हणजे इरिडियमाचे ऑक्साइड.

घटाचे इतर भागही याच कारणाने बदलावे लागतात. इंधन-घटात वायू पसरविण्याकरिता टेफ्लॉन लावलेला कार्बनी कागद व विभाजनासाठी ग्रॅफाइटाचे किंवा लेप दिलेल्या पोलादाचे पत्रे चालतात. विच्छेदन-घटाच्या ऑक्सिजन-बाजूस मात्र टायटॅनियमाच्या तंतूंचा नमदा व टायटॅनियमाचेच पत्रे वापरावे लागतात. टायटॅनियमही सर्वस्वी निर्दोष नाही. त्यावर विद्युत्-रोधक ऑक्साइडाचा पापुद्रा येतो व तो टाळण्यासाठी पुन्हा प्लॅटिनमाचा पातळ मुलामा द्यावा लागतो. अशा रीतीने एका अग्रावरील वर्चसामुळे संपूर्ण घटाची सामग्री महाग होते.

इरिडियमाची खरी अडचण किमतीपेक्षा उपलब्धतेची आहे. हा धातू स्वतंत्र खाणीतून निघत नाही. प्लॅटिनमाच्या खनिजातून उपपदार्थ म्हणून मिळतो आणि त्याचे जगातील वार्षिक उत्पादन सात ते आठ टनांच्या आसपास आहे. त्यातील बहुतांश दक्षिण आफ्रिकेतून येते. मागणी वाढली म्हणून केवळ इरिडियमासाठी कोणी खाण वाढवीत नाही. शिवाय स्फटिक वाढविण्याच्या मुशी, स्पार्क प्लग व क्लोरीन उत्पादनातील अग्रे यांसाठीही तो लागतो.

पुढील हिशोब या दृष्टीने उद्बोधक आहे. ऑक्सिजन-अग्रावर दर चौ. सेंमी. ला २ मिग्रॅ. इरिडियम, २ अँपिअर प्रवाह व १.९ व्होल्ट दाब धरला तर दर चौ. सेंमी. ला ३.८ वॉट शक्ती लागते, म्हणजे किलोवॉटमागे सुमारे अर्धा ग्रॅम व एका गिगावॉटमागे सुमारे ५०० किग्रॅ. इरिडियम येते. भारतात २०२३ च्या जानेवारीत मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाने २०३० पर्यंत वर्षाला ५० लक्ष टन उत्पादनक्षमतेचे उद्दिष्ट ठेवले. किलोग्रॅमला ५० युनिटे या दराने त्यास वर्षाकाठी २५,००० कोटी युनिटे वीज लागेल. सूर्य व वारा यांच्या अनियमिततेमुळे घट वर्षातील निम्माच काळ पूर्ण भाराने चालले असे मानल्यास सुमारे ५७ गिगावॉट क्षमता उभारावी लागेल. ही सर्व क्षमता प्रोटॉन-पटलाच्या घटांनी पुरविण्याचे ठरविले तर साडेअठ्ठावीस टन इरिडियम, म्हणजे साऱ्या जगाचे जवळजवळ चार वर्षांचे उत्पादन, या एका देशास खर्च करावे लागेल.

या आकड्यांवरून निष्कर्ष उघड आहे. एक तर इरिडियमाचे प्रमाण निदान दहाव्या हिश्श्यावर आणावयास हवे, अथवा मोठा भार दुसऱ्या जातीच्या घटांवर टाकावयास हवा. पहिल्या दिशेने चालू असलेल्या प्रयत्नांत टायटॅनियम ऑक्साइडाच्या कणांवर इरिडियमाचे पातळ आवरण देणे, सूक्ष्म तंतूंवर त्याचा थर बसविणे आणि जुन्या घटांतून धातू परत मिळविणे यांचा समावेश होतो. मात्र थर फार पातळ झाला की त्यातून इलेक्ट्रॉनांचे आडवे वहन नीट होत नाही आणि विरघळून गेलेल्या अल्पशा धातूचाही परिणाम लगेच जाणवतो.

निकेलाचा मार्ग

दुसरी दिशा जुनीच आहे. माध्यम अम्लीय न ठेवता क्षारीय ठेवले की निकेल, लोह व कोबाल्ट यांची ऑक्साइडे ऑक्सिजन-अग्रावर स्थिर राहतात. २५ ते ३० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड, निकेलाची जाळी व मध्ये सच्छिद्र पडदा अशा रचनेचे विच्छेदन-घट विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नॉर्वेमध्ये जलविद्युत् केंद्रांलगत खतांसाठी मोठ्या प्रमाणावर चालत असत. पंजाबातील नानगल येथील खत कारखान्यातही १९६० च्या दशकात भाक्रा धरणाच्या विजेवर याच पद्धतीने हायड्रोजन तयार केला जाई. फ्रान्सिस टॉमस बेकन यांनी १९५९ साली केंब्रिज येथे चालवून दाखविलेल्या पाच किलोवॉटच्या क्षारीय इंधन-घटातही निकेलाचीच अग्रे होती; त्या घटावरून पुढे अपोलो यानाचे घट विकसित झाले.

या मार्गातील एक प्रकरण विशेष मननीय आहे. निकेल ऑक्साइड हा ऑक्सिजन निर्मितीचा चांगला उत्प्रेरक, असा समज दीर्घकाळ होता. १९८७ साली डेनिस कॉरिगन यांनी विद्युत् विच्छेद्यातील लोहाच्या लेशमात्र अशुद्धीमुळे त्याची क्रियाशीलता मोठ्या प्रमाणात वाढते, असे दाखविले. पुढे २०१४ साली ऑरेगन विद्यापीठातील संशोधकांनी विच्छेद्य काटेकोरपणे लोहमुक्त करून पाहिले, तेव्हा शुद्ध निकेल हायड्रॉक्साइड अगदीच सामान्य उत्प्रेरक ठरले. जे श्रेय निकेलास दिले जात होते, त्याचा मोठा भाग बाटलीतील अशुद्ध क्षारातून नकळत आलेल्या लोहाचा होता. आज निकेल-लोह हायड्रॉक्साइड हे क्षारीय माध्यमातील अग्रेसर उत्प्रेरकांपैकी एक मानले जाते.

मग प्रोटॉन-पटलाची गरज काय, अशी शंका येईल. जुन्या क्षारीय घटांत प्रवाह-घनता कमी असते, त्यामुळे घट आकाराने मोठे होतात. दुसरे असे की, सच्छिद्र पडद्यातून थोडा हायड्रोजन सतत ऑक्सिजनाच्या बाजूस जातो. भार पूर्ण असताना तो भरपूर ऑक्सिजनात विरळ होतो. पण ढग येऊन सौर वीज मंदावली की ऑक्सिजन कमी पडतो व मिश्रणातील हायड्रोजनाचे प्रमाण चार टक्क्यांच्या स्फोटक मर्यादेकडे सरकू लागते. त्यापूर्वीच घट बंद करावा लागतो आणि वारंवार बंद केल्याने उलट्या प्रवाहामुळे निकेलाची अग्रे बिघडतात. ॲस्बेस्टॉसाच्या पडद्याऐवजी झिर्कोनियायुक्त बहुवारिकाचा पातळ पडदा आणि अग्र पडद्यास लगटून ठेवण्याची रचना यांमुळे हे दोष बरेच कमी झाले आहेत.

ऋणायन-विनिमय पटलाचा घट हा या दोन मार्गांचा संगम होय. त्यात पटल घन असते, पण त्यातून हायड्रॉक्साइड आयन जातात. म्हणून निकेल व लोह वापरूनही रचना आटोपशीर राहते. त्याची दुबळी बाजू पटलातच आहे. धनप्रभारित चतुर्थक अमोनियम गटांवर हायड्रॉक्साइड आयन हल्ला करतात व पटल कालांतराने निकामी होते. शिवाय क्षारीय माध्यमात हायड्रोजनाची विक्रिया प्लॅटिनमावरही सुमारे शंभर पटींनी मंदावते. म्हणजे ऑक्सिजन-अग्राची सोय करताना हायड्रोजन-अग्राची सुलभता काही अंशी गमवावी लागते.

मौल्यवान धातूंविना क्षपण

इंधन-घटाच्या अम्लीय माध्यमात प्लॅटिनमास पर्याय शोधण्याच्या प्रयत्नांचा आरंभ १९६४ साली झाला. रेमंड जासिन्स्की यांनी कोबाल्ट फ्थॅलोसायनीन हा रंजकवर्गीय पदार्थ क्षारीय घटात ऑक्सिजनाचे क्षपण करतो, असे त्या वर्षी दाखविले. चार नायट्रोजन अणूंच्या कोंदणात बसलेला एक धातू अणू हे त्याचे वैशिष्ट्य. रक्तातील हीममध्येही लोहाचा अणू अशाच कोंदणात असतो. पुढे अशी संयुगे कार्बनावर उच्च तापमानास भाजली असता अम्लातही टिकू शकणारी लोह-नायट्रोजन-कार्बन द्रव्ये मिळाली. २००९ साली कॅनडातील झाँ-पोल दोदले यांच्या गटाने यांतील एका द्रव्याची क्रियाशीलता प्लॅटिनमाच्या बरोबरीस आणण्यापर्यंत मजल मारली.

तथापि या द्रव्यांची क्रियाशीलता पहिल्या काही तासांत वा दिवसांत बरीच घसरते. त्यांवर थोडे पेरॉक्साइड बनते. सुटलेले लोह त्याच्याशी फेंटनच्या विक्रियेने हायड्रॉक्सिल मूलक निर्माण करते व ते मूलक कार्बन व पटल या दोहोंस खातात. शिवाय दर घन सेंमी. मागे क्रियाशील स्थाने कमी असल्यामुळे थर जाड ठेवावा लागतो आणि जाड थरात ऑक्सिजन आतपर्यंत पोहोचत नाही.

तिसरा पर्याय तापमान वाढविण्याचा. ७०० ते ८५०° से. तापमानास चालणाऱ्या घन-ऑक्साइड घटांत विक्रिया आपोआपच वेगवान होते व मौल्यवान धातूंची गरज उरत नाही. हायड्रोजन-अग्रास निकेल व झिर्कोनिया आणि ऑक्सिजन-अग्रास लँथॅनमयुक्त मिश्र-ऑक्साइडे पुरतात. वाफेच्या विच्छेदनास लागणाऱ्या ऊर्जेचा काही भाग उष्णतेच्या रूपाने देता येतो, हा आणखी एक लाभ. पण येथे चणचण उत्प्रेरकाची नसून चिनी मातीसारख्या ठिसूळ थरांच्या सांध्यांची, वारंवार तापण्या-निवण्याची आणि जोडपत्र्यांतून बाष्परूपाने येऊन ऑक्सिजन-अग्रास विषारी ठरणाऱ्या क्रोमियमाची आहे.

मापनातील दक्षता

नव्या उत्प्रेरकांविषयी प्रसिद्ध होणाऱ्या निबंधांची संख्या फार मोठी असून विद्यार्थ्यांना त्यांतील दाव्यांची पारख करणे अगत्याचे आहे. लोहाच्या अशुद्धीचा वर उल्लेखिलेला प्रकार एकमेव नाही. ‘प्लॅटिनमरहित’ उत्प्रेरकाचे परीक्षण करताना समोरचे अग्र प्लॅटिनमाचे ठेवले तर त्यातून विरघळलेला धातू तपासावयाच्या अग्रावर बसतो व मापन जसजसे लांबते तसतशी क्रियाशीलता ‘सुधारत’ जाते. अशा वेळी समोरचे अग्र कार्बनाचे घेणे व दोन्ही कप्प्यांत पटल ठेवणे इष्ट.

दुसरी गोष्ट क्षेत्रफळाची. दर चौ. सेंमी. ला १० मिलिअँपिअर प्रवाहास लागणारे अधिवर्चस् देण्याची प्रथा रूढ आहे. परंतु हे क्षेत्रफळ अग्राच्या बाह्य आकाराचे असते. फेसासारख्या निकेलावर पुष्कळ द्रव्य चढविले की अधिवर्चस् खाली येतेच. त्यात द्रव्याच्या अंगभूत गुणाचा वाटा किती, हे वजन व खरा पृष्ठभाग दिल्याविना सांगता येत नाही. औद्योगिक घट याच्या शंभर ते दोनशे पट प्रवाहावर चालतात व तेथे बुडबुड्यांचे निःसरण, उष्णता व पटलाचा रोध हे घटक पुढे येतात. तिसरी गोष्ट कालावधीची. औद्योगिक घटाकडून दहा हजारो तासांच्या सेवेची अपेक्षा असते. वीस-चोवीस तासांच्या स्थिर रेषेवरून तिच्याविषयी काहीच अनुमान काढता येत नाही. विच्छेद्यात किती धातू उतरला, याचे रासायनिक मापन त्या रेषेपेक्षा कितीतरी अधिक बोलके असते.

समारोप

वरील विवेचनाचा मथितार्थ असा की, हायड्रोजन-घटांतील उत्प्रेरकाची निवड ही कधीच केवळ वेगाची निवड नसते. रुथेनियम वेगवान आहे पण टिकत नाही. इरिडियम टिकते पण पुरत नाही. निकेल पुरते पण अम्लात विरघळते. लोह-नायट्रोजन-कार्बन स्वस्त आहे पण स्वतःच्याच उपपदार्थाने झिजते. वेग, स्थैर्य व उपलब्धता या तीन कसोट्यांना एकाच वेळी उतरणारे द्रव्य अम्लीय माध्यमातील ऑक्सिजन-अग्रासाठी अद्याप सापडावयाचे आहे. क्षारीय माध्यमात ते बऱ्याच अंशी सापडले असून तेथील उणीव पटलाची आहे.

यावरून संशोधनाच्या दोन दिशा स्पष्ट होतात. मध्यस्थांच्या परस्परसंबंधाचे बंधन शिथिल करणारी पृष्ठरचना शोधणे ही मूलभूत दिशा. दीर्घकाळ टिकणारे हायड्रॉक्साइड-वाहक पटल तयार करणे व इरिडियमाचा प्रत्येक मिलिग्रॅम अधिक काळ कामी लावणे ही व्यावहारिक दिशा. २०२२ च्या ऑगस्टात पुण्यात हायड्रोजन इंधन-घटावर चालणारी देशी बनावटीची बस सादर झाली. तेव्हा हे प्रश्न महाराष्ट्रातील प्रयोगशाळांनाही परके राहिलेले नाहीत. या क्षेत्रात प्रवेश करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या द्रव्याचे अधिवर्चस् मोजण्यापूर्वी त्यातील धातू पृथ्वीवर किती आहे, तो कोणत्या विच्छेद्यात किती विरघळतो आणि ज्या घटात तो बसवावयाचा त्याचे इतर भाग त्यास साहाय्य करतील की नाही, एवढे तीन प्रश्न अवश्य विचारावेत.